चिलटं, उन्हाळा आणि बाबांचा प्रश्न

प्रिय आई-बाबा,

हे पत्र बाबांनी मोठ्याने वाचायचं आहे, आईचे ड्रॉप्स अजून चालू आहेत, तिने स्क्रीनकडे बघायचं नाही.

परवा फोनवर बाबा म्हणाले, एवढी शिकून तू माश्यांवर काय करून राहिली, कंपनीवाले चांगला पगार देऊन राहिले नं. त्याचं उत्तर फोनवर होत नाही, म्हणून लिहिते. मला तुम्हाला एका माणसाचं काम सांगायचंय, ओबेद सिद्दीकी यांचं. जन्म 1932, युपीतल्या बस्तीचा, अलीगढला शिक्षण, मग ग्लासगोला बुरशीच्या जेनेटिक्सवर पीएचडी, मग अमेरिका, आणि 1962 मध्ये होमी भाभांनी बोलावलं म्हणून मुंबईला टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत, जिथे तोवर सगळा फिजिक्स आणि गणिताचाच कारभार, तिथे यांनी मॉलिक्युलर बायोलॉजी, म्हणजे पेशीतल्या रेणूंचा अभ्यास, उभी केली. नाव झालेलं होतं, आरामात तेच करत बसता आलं असतं. पण चाळिशीच्या आसपास त्यांनी विषयच बदलला आणि नसा कशा काम करतात ते बघायला चिलटं घेतली, आई, आपल्या संत्र्याच्या टोपलीवर घिरट्या घालतात तसलीच बारकी.

बाबा, इथे जरा हळू वाचा. काही चिलटांमध्ये एखादाच जीन बिघडलेला असतो. एरवी ती एकदम ठणठणीत, उडतात, खातात, अंडी घालतात. पण काचेच्या नळीत घालून, कापसाचं बूच लावून ती नळी गरम पाण्यात धरली की पटापट खाली पडतात, पाय वर. साधी चिलटं त्याच पाण्यात मजेत फिरत असतात. 'पॅरा' नावाचा एक म्युटंट, म्हणजे असा जीन बिघडलेलं चिलट, 29 डिग्रीलाच पडतो, म्हणजे आपल्या नागपूरच्या फेब्रुवारीतल्या दुपारीसुद्धा त्याचं काही खरं नाही, आणि नळी थंड केली की लगेच उठतो. 'कोमाटोज' नावाचा दुसरा 38 च्या आसपास पडतो, आणि थंड केलं तरी कितीतरी वेळ तसाच पडून राहतो, मग एक पाय हलतो, मग दुसरा. मी हे कितीही वेळा पाहिलं तरी नळी खाली ठेववत नाही. सिद्दीकी आणि अमेरिकन शास्त्रज्ञ सिमोर बेंझर यांनी 1976 मध्ये या चिलटांच्या नसांमध्ये नेमकं काय बंद पडतं ते मोजून छापलं. तेव्हा यातला कुठला जीन कोणतं प्रोटीन बनवतो हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं खूप नंतर. पॅराचा जीन नसेतलं सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियमला आत सोडणारं बारकं दार, बनवतो, ज्याच्याशिवाय सिग्नल पुढे जातच नाही. तुम्ही रात्री डासांचं जे लिक्विड लावता नं, ते डासांच्या याच चॅनेलवर काम करतं. आणि लहान बाळांना ताप चढला की वारंवार झटके येतात असा एक वाईट आजार आहे, ड्रॅव्हे सिंड्रोम, त्यात बहुतेक वेळा माणसाच्या याच जातीच्या चॅनेलचा जीन बिघडलेला असतो. कोमाटोजची गोष्ट तर मला अजून आवडते. नसेच्या टोकाला केमिकल भरलेल्या बारक्या पिशव्या असतात, त्या पेशीच्या पडद्याला चिकटून फुटतात आणि सिग्नल पुढच्या पेशीला पोचतो. चिकटताना काही प्रोटीन्स एकमेकांत दोरीसारखी पिळली जातात, तो पीळ सोडवला नाही तर ती परत वापरता येत नाहीत, आणि पीळ सोडवणारं प्रोटीन म्हणजे एनएसएफ. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स रॉथमन यांना ते हॅमस्टरच्या पेशींमध्ये सापडलं, ज्यांचा नसांशी काही संबंधच नाही. आणि 1990 च्या दशकात कळलं की कोमाटोज चिलटात बिघडलेलं असतं ते हेच! रॉथमन, शेकमन आणि झ्युडॉफ यांना पेशीतल्या या पिशव्यांच्या वाहतुकीवरच्या कामासाठी 2013 चं नोबेल मिळालं. ते ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं आणि सिद्दीकी सर त्याच वर्षी जुलैमध्ये बेंगळुरूला रस्त्यावरच्या अपघातानंतर गेले. मला याचं फार वाईट वाटतं.

बाकीचं पटकन सांगते. व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे पीएचडीला आल्या, दोघांनी चिलटांना वास आणि चव कशी कळते त्याचे म्युटंट शोधले, पुढे त्या स्वतः मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या. बेंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र, सरांनीच उभं केलं, आणि पद्मविभूषण मिळाल्यावरही ते लॅबमध्ये काम करत राहिले.

तर बाबा, उपयोग काय म्हणाल तर 1976 ला सरांनाही तो सांगता आला नसता. माझ्याकडे आत्ता जी चिलटं आहेत ती गरम केल्यावर पडतात पण का पडतात ते अजून कळलेलं नाही, आणि ते मलाच शोधायचंय. कंपनीला मी नाही म्हणून कळवलंय. फेलोशिपमध्ये माझं नीट भागतं, कूलरच्या नव्या मोटरचे पैसे पाठवलेत ते परत करू नका, आणि नवतपा लागायच्या आधी ती बसवून घ्या.

आईचं मत मला वेगळं कळवा, बाबांच्या मतात मिसळून नको.

तुमची,
छोटी