खार वाचवणारा सुपरमॅन

प्रिय मन्या,

तुझं पत्र परवा मिळालं. बाकीच्या गोष्टींचं सविस्तर पुढच्या खेपेला लिहितो, कारण तुझ्या एका वाक्याने मला दोन दिवस छळलंय. तू लिहितोस, "सुपरहिरोंचे सिनेमे बघणं मी सोडलं. जग वाचवून वाचवून त्यांच्यात राम उरला नाही आणि मलाही त्याचं काही वाटेनासं झालंय." अरे, हे तू लिहावंस? अंधारात माझ्या कानाशी लागून लोकी कोण, थॅनोस कोण, त्या सहा खड्यांची भानगड काय, हे मला समजावणारा तू!

'एंडगेम' आपण शेजारी बसून पाहिला होता, २०१९ मध्ये. मार्व्हल कंपनीच्या सुपरहिरोंच्या त्या सलग गोष्टीतला तो बाविसावा सिनेमा आणि मी त्याआधीचे जेमतेम चार पाहिलेले. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, गेला तेव्हा तू माझा हात धरलास आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाहीस. मला टोनीचं तेवढं वाटलं नव्हतं, खरं सांगतो. पण तुझ्याकडे बघून कळलं, की २००८ पासून अकरा वर्षं एखाद्या माणसाबरोबर चाललं की असं होतं.

नंतर तू लांब गेलास. मी सवड मिळेल तसा थिएटरात जात राहिलो. कॉमिक्स मी कधीच वाचली नाहीत, मालिका बघायला वेळ नसतो, आणि आता शेजारी सांगणाराही कुणी नाही. त्यामुळे जो सिनेमा समोर येईल तो त्याच्या एकट्याच्या जिवावर मला भिडतो किंवा भिडत नाही. तेवढ्या भांडवलावर लिहितोय, पण मनापासून लिहितोय.

तुझं कुठे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. २०२२ चा दुसरा 'डॉक्टर स्ट्रेंज' बघताना वांडा आपल्या मुलांसाठी इतकी का पेटलीय, हे मला शेवटपर्यंत आतून कळलं नाही. ते कळायला 'वांडाव्हिजन' या मालिकेचे नऊ भाग आधी बघायला हवे होते, असं नंतर समजलं. आईचं दुःख समजायला पूर्वतयारी लागावी? 'द मार्व्हल्स'चंही तेच. त्यातल्या तिघींपैकी दोघींची गोष्ट आधी मालिकांमध्ये होऊन गेलेली. तरी कमला खान झालेली इमान वेलानी अशी काही आनंदाने बागडते, की तिच्यासाठी तो सिनेमा पडल्याचं मला फार वाईट वाटलं. पुढे मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच कबूल केलं की माल जास्त झाला आणि दर्जा उतरला, म्हणून वर्षाला दोन-तीनच सिनेमे काढायचं ठरवलं. हे आधी सुचलं असतं तर तुझ्यासारखी माणसं तुटली नसती.

अँट-मॅनच्या 'क्वांटुमेनिया'बद्दल बोलायलाच नको. माणसं हिरव्या-निळ्या पडद्यासमोर एकटी उभी राहून बोलतायत हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. पण ते ग्राफिक्स करणाऱ्यांना शिव्या घालू नकोस. ऐनवेळी बदल, तुटपुंजा वेळ, रात्री-अपरात्रीची कामं असं सगळं त्यांनी सोसलंय. २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स, म्हणजे या ग्राफिक्सच्या, कामगारांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. ती बातमी वाचून मला त्या सिनेमापेक्षा जास्त बरं वाटलं होतं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती मरणाबद्दल आहे. 'लोगन' तूच मला दाखवला होतास. लोगन म्हणजेच वुल्व्हरिन त्यात मरतो. त्याची मुलगी लॉरा शेवटी त्याच्या थडग्यावरचा क्रूस काढून तिरपा करते, त्याचं फुलीचं, म्हणजे एक्स-मेनच्या X चं, चिन्ह होतं, आणि सिनेमा संपतो. त्या रात्री आपण दोघं किती वेळ गप्प होतो! २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ची सुरुवातच ते थडगं उकरून होते आणि लोगनच्या हाडांनी मारामारी होते. थिएटर हसत होतं. मला मात्र नाही हसता आलं. दुसऱ्या विश्वातून दुसरा वुल्व्हरिन आणता येतो, हे मला कळतं. पण मग पहिल्याच्या जाण्यावर आपण जो जीव ओवाळून टाकला त्याचं काय करायचं? आता तर टोनी स्टार्क झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर डॉक्टर डूम हा खलनायक होऊन परत येणार. तो मोठा नट आहे, करेलही छान. तरी तो चेहरा पडद्यावर दिसला की मला तुझा तो धरलेला हात आठवणार, आणि तो हात खोटा पडू नये एवढीच माझी इच्छा आहे.

आता मी हे सिनेमे अजून का बघतो ते सांगतो.

जेम्स गनचा 'सुपरमॅन', जुलै २०२५. एक अजस्र प्राणी शहरात थैमान घालतोय, माणसं सैरावैरा पळतायत, आणि त्या गदारोळात सुपरमॅन झेप घेतो, एक खार उचलतो आणि सुरक्षित जागी नेऊन सोडतो. एका खारीसाठी! आधी काही प्रेक्षकांना सिनेमा दाखवून पाहिला तेव्हा काहींना तो प्रसंग खटकला होता. गनने तो कापूनही बघितला, पण त्याला चैन पडेना, म्हणून परत घातला. किती बरं केलं! मन्या, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल सगळं कळलं. त्याचा ग्रह कसा फुटला, तो पृथ्वीवर कसा आला, काही सांगायची गरज उरली नाही. ज्याच्या लेखी खारही मोजदादीत आहे, त्याच्या हाती शहर सोपवायला मला भीती वाटत नाही.

त्याच सिनेमात मलिक नावाचा एक साधा विक्रेता आहे. सुपरमॅन जमिनीवर आपटतो तेव्हा धावत येऊन त्याला हात देणारा. पुढे खलनायक लेक्स लूथर याच माणसाला सुपरमॅनसमोर बसवतो आणि पिस्तुलात एकच गोळी ठेवून चाप ओढत राहतो. सुपरमॅन कोठडीत, अंगातलं बळ गेलेलं. गोळी सुटते. पुढे शहर दुभंगतं, गगनचुंबी इमारती कोसळतात, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. मलिकचं आजही वाटतं. मी घरी येऊन कितीतरी वेळ जागा होतो. म्हणजे तुझं वाक्य अर्धं खरं आहे बघ. जग वाचवण्याचा कंटाळा मलाही आलाय. एक जीव वाचवण्याचा मात्र अजून आलेला नाही.

'द बॅटमॅन'मध्येही हेच सापडलं, २०२२ च्या, रॉबर्ट पॅटिन्सनवाल्या. पहिल्या दृश्यांमध्ये स्वतःला सूड म्हणवून घेणारा तो माणूस शेवटी काळ्या पाण्यात उतरतो, हातात लाल मशाल धरतो आणि अडकलेल्या लोकांना वाट दाखवत बाहेर आणतो. एक जखमी बाई त्याचा हात सोडतच नाही. तीन तासांच्या त्या सिनेमातलं एवढंच माझ्याजवळ राहिलं, आणि ते पुरेसं आहे.

'फँटॅस्टिक फोर'च्या नव्या सिनेमात तर हाच प्रश्न उघड विचारलाय. ग्रह गिळणारा गॅलॅक्टस त्या चौघांपैकी एका जोडप्याला म्हणतो, तुमचं बाळ द्या, पृथ्वी सोडतो. आईबाप नाही म्हणतात आणि सगळी दुनिया त्यांच्यावर उलटते. बाळाची आई स्यू त्याला कडेवर घेऊन त्या संतापलेल्या गर्दीसमोर उभी राहते, तिथे मी श्वास रोखून बसलो होतो. इतका चांगला पेच घातला होता! पण शेवटी स्यू मरते आणि पाच मिनिटांत जिवंत होते. पुन्हा तेच. आईने बाळासाठी जीव दिला, हे त्यांनी मला नीट वाटूसुद्धा दिलं नाही.

आणि 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा तिसरा भाग. मे २०२३. हा तू पाहिला नाहीस, हे वाचून मी खरंच हळहळलो. मी आधीचे दोन नीट पाहिले नव्हते, तरी काही अडलं नाही. रॉकेट नावाचा बोलणारा रकून घायाळ होऊन पडलेला आहे आणि त्याच्या मित्रांना त्याला वाचवायचंय, बस्स, एवढीच गोष्ट. मधेमधे त्याचं लहानपण दिसतं. पिंजऱ्यात चार प्राणी, प्रयोगांसाठी चिरलेले, धातूचे अवयव जोडलेले. त्यांना नावं नाहीत, फक्त आकडे आहेत. मग ते चौघं आपली नावं आपणच ठेवतात. लायला, टीफ्स, फ्लोअर, रॉकेट. फ्लोअर जमिनीवर लोळलेली असते, म्हणून तिचं नाव फ्लोअर. बाहेर आभाळ आहे एवढं त्यांना ऐकून माहीत असतं, आणि एकदा ते सगळ्यांनी मिळून बघायचं त्यांचं ठरतं.

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगतो, की पडद्यावर तेव्हा एकही खरा प्राणी नव्हता, सगळं संगणकावर घडवलेलं होतं, आणि मी हमसून हमसून रडलो. 'क्वांटुमेनिया' त्याच वर्षीचा, त्याच कंपनीचा, तंत्रही तेच. फरक एवढाच, की इथे कुणीतरी त्या चौघांवर जीव लावून काम केलं होतं.

'थंडरबोल्ट्स' शेवटी ठेवला, कारण त्याचं लिहिणं मला जड जातंय. गेल्या वर्षीचे माझे ते महिने तुला माहीत आहेत. सकाळी उठावंसं वाटत नव्हतं, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, आणि तू दर रविवारी न चुकता फोन करायचास. मी धड बोलतही नसे. या सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात नायिका येलेना एका उत्तुंग इमारतीच्या टोकावर उभी असते आणि आतल्या पोकळीबद्दल बोलत खाली उडी टाकते. फ्लोरेन्स प्यूने ती उडी खरोखर मारलीय, क्वालालंपूरच्या मेर्डेका ११८ वरून. पण मी खुर्चीत ताठ झालो तो उडीमुळे नाही, तिच्या आवाजामुळे. तो थकलेला आवाज मी ओळखला.

पुढे बॉब नावाचा एक हरलेला मुलगा येतो. त्याच्यातला काळोख शहरभर पसरतो, माणसांच्या सावल्या होऊन जातात. शेवटी बॉब त्या काळोखाला ठोसे मारत सुटतो, आणि जितका मारतो तितका तो काळोख त्यालाच गिळत जातो. मग येलेना आणि बाकीचे पुढे होऊन त्याला फक्त मिठी मारतात. कुणी उपदेश करत नाही, कुणी जिंकत नाही. धरून ठेवतात, बस्स. सिनेमा फारसा चालला नाही म्हणे. मला तुझे रविवारचे फोन आठवले, आणि हे तुला सांगायचं इतके दिवस राहून गेलं होतं.

तर पुढच्या वेळी येशील तेव्हा एक संध्याकाळ राखून ठेव. 'गार्डियन्स'चा तिसरा भाग एकट्याने बघू नकोस, आपण मिळून बघू. मी दुसऱ्यांदा बघेन. या खेपेला कोण कोणाचं कोण हे मी तुला सांगतो, तू नुसता बस.

तुझा,
सुधीर