अप्पा, फॉर्ममध्ये तुमच्यासाठी रकाना नव्हता

आदरणीय अप्पा,
सप्रेम नमस्कार.

फ्लोरिडा विद्यापीठाचा अर्ज एकदाचा गेला. पशुविज्ञान विभाग, एम.एस. शिफारसपत्रं तीन लागतात, आणि प्रत्येकाचं पद, संस्था, संस्थेचा ईमेल विचारतात. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या सरांनी आणि मॅडमनी ती आनंदानं दिली. त्यांचे आभार मी समक्ष मानून आले. तुमचं पद 'निवृत्त पशुधन पर्यवेक्षक', संस्था आता कुठलीच नाही आणि ईमेल नातवाचा. त्या फॉर्ममध्ये तुम्ही कुठेच बसेनात. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांसमोर. माझ्या अर्जात जो काही दम आहे तो तुमच्या वह्यांमधून आलाय, हे कुठेतरी लिहिलेलं असू द्या. निकाल यायचाय, पण आभार काही निकालावर अडवून ठेवायचे नसतात.

'रावे'साठी, म्हणजे कृषी पदवीतल्या गावाकडच्या कार्यानुभवासाठी, सातव्या सत्रात आम्ही अमळनेर तालुक्यात आलो, तेव्हा श्रेणी-२ च्या, म्हणजे तुमच्या, जनावरांच्या दवाखान्यात जायला कुणी फारसं तयार नव्हतं. सगळ्यांना ठिबक आणि कापूस हवा होता. मी आले ते घरी म्हशी आहेत म्हणून. तुम्ही पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाहीत. द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमधून वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी काढलीत, थर्मासमधलं कोमट पाणी पेल्यात ओतलंत, त्यात तापमापक बुडवून 37 अंश होईपर्यंत थांबलात, मग कांडी अर्धा मिनिट पाण्यात. म्हशीचा मालक घाई करत होता, दुसरे डॉक्टर तर हातावर चोळून मोकळे होतात म्हणत होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. उणे 196 अंशांवर जपलेलं वीर्य शेवटच्या मिनिटात वाया घालवायचं नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या शिकले.

आणि ती वही! सरकारी नोंदवहीत रकाने ठरलेले: तारीख, मालक, कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वळूचा नंबर. तुमच्या खाजगी वहीत त्यापुढेही बरंच काही. 'सोट काचेसारखा, रात्रीपासून.' 'माज दिसला नाही, मालकिणीला वाटतं.' 'उलटली.' 'परत उलटली, गोठ्यावर पत्रा, सावली नाही.' चारचौघांसाठी सांगते, सोट म्हणजे माजातला स्राव, आणि उलटली म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. म्हशीचा माज मुका. गायीसारखी ती हंबरून गाव गोळा करत नाही. तो बहुतेक रात्री किंवा पहाटे येतो, आणि हुकला की पुढचे एकवीस दिवस गेले. तुम्ही म्हणायचात, "म्हैस सांगस नही, आपलेच देखनं पडस." मालकिणीला वाटतं, ही नोंद कुठल्याही शास्त्रज्ञानं खोडली असती. तुम्ही ती लिहिलीत, आणि पुढे 'गाभण' असंही लिहिलंत.

सेवानिवृत्तीनंतर त्या वह्या तुम्ही रद्दीत घातल्या नाहीत, आणि मी मागितल्यावर का, कशाला, न विचारता पिशवीत भरून दिल्यात. मालकांची नावं गाळून मी सगळं एक्सेलमध्ये चढवलं. एप्रिल-मेची पानं बघताना तर मला राहवेना. म्हशी माजावर यायच्याच कमी, आणि ज्या भरल्या, म्हणजे ज्यांना कृत्रिम रेतन केलं, त्यातल्या कितीतरी उलटलेल्या. कार्तिकानंतर चित्र पालटतं. यात नवीन काही नाही, हे मलाही ठाऊक आहे. दिवस लहान होऊ लागले की म्हैस जास्त माजावर येते, हे पुस्तकात आहे. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी थोड्या, आणि आपल्याकडचा पारा 45 च्या आसपास. तिला डुंबायला पाणी नसेल तर ती तापणारच. पण 'सावली नाही', 'डोहावर नेत होते, डोह आटला' असं जनावरागणिक लिहिलेलं पुस्तकात नाही.

फ्लोरिडाच का, हे तुम्ही विचारलं होतंत. तिथेही उकाडा आणि दमट हवा, आणि होल्स्टिन गायी उन्हाळ्यात अशाच उलटतात. गर्भ राहिल्यानंतरचे पहिले काही दिवस त्याला उष्णता सोसत नाही, यावर तिथे अनेक वर्षं काम झालंय. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गायीचं आखूड, गुळगुळीत केस देणारं जनुक होल्स्टिनमध्ये आणून ती गाय उन्हात कमी तापते का, हेही तिथे तपासलं गेलं. म्हशीबाबत मला तोच प्रश्न घेऊन जायचंय: भरली त्या दिवसाचं ऊन तिला नडतं, की भरल्यानंतरच्या आठवड्याचं? हा प्रश्न तुमच्या वहीतल्या तारखांमुळे सुचला.

अर्जासोबतच्या हेतुपत्राची गंमत तर तुम्हाला माहीतच आहे. शहरातल्या एका सल्लागारानं पैसे घेऊन तयार मजकूर पाठवला होता, लहानपणापासून प्राण्यांची अनिवार ओढ वगैरे. मी तो मराठीत वाचून दाखवला, तेव्हा तुम्ही चष्मा काढून विचारलंत, "ही कोण बाई?" त्या एका वाक्यानं माझे पुढचे कच्चे खर्डे सुधारले. मग 2022 च्या पानांवरून लिहिलं. त्या ऑगस्टमध्ये राज्यातली लम्पीची साथ आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यात सुरू झाली. बैलबाजार बंद पडले, शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली गेली, आणि तुमच्या वहीत कृत्रिम रेतनाच्या जागी सुजलेले पाय आणि आटलेलं दूध आलं. ज्या प्राध्यापकांना मी आधी ईमेल पाठवला होता, त्यांनी उलट पहिला प्रश्न विचारला तो वहीबद्दलच: एवढ्या नोंदी एकाच माणसाच्या हातच्या आहेत का? मी मोठ्या अक्षरात हो लिहिलं.

पप्पांना पटवलंत त्याचे आभार वेगळे. 'म्हशीच्या शेपटीमागे अमेरिकेला?' म्हणणारे काका एकीकडे, कर्जाच्या धास्तीनं गप्प झालेले पप्पा दुसरीकडे. असिस्टंटशिप म्हणजे काय, हे मी त्यांना इंग्रजी कागद दाखवून समजावत होते. तुम्ही म्हणालात, सालदारकीच समजा. विद्यापीठ फी माफ करतं, वर महिन्याला पैसे देतं, आणि पोरगी त्यांच्या गोठ्यात नि प्रयोगशाळेत राबते, फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हिशोब होत नाही. पप्पा हसले, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्टच्या कागदांची फाइल त्यांनीच काढली.

वह्या शनिवारी भावाबरोबर पाठवतेय. सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवलेत. एक तेवढं कळवा: काही ठिकाणी वळूच्या नंबराभोवती लाल गोल आहे. बहुतेक जागी ती म्हैस पुढे गाभण दिसते, पण सगळीकडे नाही. तो गोल तुम्ही भरण्याआधी काढायचात की नंतर? मुलाखत झाली तर हे मला विचारणारच.

तुमची,
रावेवाली पोरगी