“दोन्ही पायडलं आडवी ठेवा, ताई”

प्रिय ताई,

तू माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. पण पहिल्या दिवसापासून तू मला ताई म्हणालीस आणि मीही तुला ताईच म्हणत आले, तेच इथे चालवते. नाव घालायचं नाही असं तू बजावलं आहेसच.

गेल्या नोव्हेंबरातला तो रविवार. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून खाणीकडे उतरणाऱ्या वाटेवर मी बसले होते. डावा गुडघा सोललेला, तळहातात मुरमाचे खडे रुतलेले, मोज्यांना कुसळं, आणि शेजारी आडवी पडलेली नवी कोरी माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायची सायकल. घेऊन नऊच दिवस झाले होते. लहानपणी तासाच्या भाड्याने सायकल आणून मी हाफ पायडल शिकले, पुढे कॉलेजलाही सायकलनेच गेले, त्यामुळे सायकल आपल्याला येते अशी माझी खात्री होती. डांबरी रस्त्यावर ती येतच होती. मुरमाच्या उतारावर मात्र पुढचं चाक असं निसटलं, जसा शेवाळावरून पाय सटकावा.

मागून दोघं-तिघं आले. चांगली माणसं होती, थांबली, “घाबरू नका” म्हणाली आणि पुढे गेली. तू थांबलीस ती थांबलीसच. बाटलीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलंस, रुमाल दिलास, आणि मग माझ्या सायकलचं पुढचं टायर अंगठ्याने दाबून विचारलंस, “हवा किती भरलीय?”

दुकानात भरून दिली होती तेवढी. मी कशाला मोजतेय? तुझ्या सॅकमधून हवेचा दाब मोजायचा तो छोटा गेज निघाला, काटा 60 पीएसआयवर गेला. टायर सव्वादोन इंच रुंद, माझं वजन 62 किलो. इतकं टणक टायर खड्यांवर बसतच नाही, त्यांच्यावरून उडत जातं, आणि टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नसतं, हे मला तिथे दगडावर बसून कळलं. तू हवा सोडून पुढे 28, मागे 30 वर आणलीस. उतारासाठी सीट चार बोटं खाली घेतलीस. मग म्हणालीस, “आता नुसतं उभं राहा. दोन्ही पायडलं आडवी ठेवा, ताई. एक खाली, एक वर असं नको. खालचं दगडाला लागतं.”

मला आभार मानायचे आहेत ते याच गोष्टीचे. त्याआधी घरच्यांनी, भावाने, दुकानदाराने, सगळ्यांनी मला “घाबरू नकोस” एवढंच सांगितलं होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी हे सुरू करणाऱ्या बाईला सगळे तेच सांगतात. त्या शब्दांनी भीती जात नाही. उलट आपण घाबरलो हाच आपला दोष, असं वाटायला लागतं. तू पाच रविवार माझ्याबरोबर होतीस आणि तो शब्द एकदाही काढला नाहीस. मी थरथरत असले की तू पाय कुठे ठेवायचा ते सांगायचीस. बोट कुठे, कंबर कुठे, नजर कुठे. माझ्या भीतीला तू कामाला लावलंस.

दुसऱ्या रविवारी तू मला उतारावर जाऊच दिलं नाहीस. देवळाजवळच्या सपाटीवर काडीने मातीत रेघ ओढलीस आणि तिथे थांबायला लावलंस. दहा वेळा फक्त मागचा ब्रेक, दहा वेळा फक्त पुढचा, मग दोन्ही. मागचा एकटा दाबला की चाक घासत रेघेच्या कितीतरी पुढे जायचं. पुढच्याने सायकल लवकर थांबायची, पण जरा जोर झाला की हँडल हातात तोल सोडायचं. “थांबवतो पुढचाच. म्हणून त्याला एकच बोट द्यायचं,” तू म्हणालीस. मी तोवर चारही बोटांनी मूठ आवळून ब्रेक दाबत होते. चढावर गियर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका करायचा, ऐन चढात केला की चेन कर्रर करते, हेही त्याच दिवशी.

आणि मग ती पायरी.

त्या वाटेवर एका जागी काळ्या कातळाची पायरी आहे, जेमतेम वीतभर उंच. तिच्याजवळ आले की माझी बोटं आपोआप ब्रेकवर आवळायची. तिसऱ्या रविवारी तू म्हणालीस, “आज बसायचं नाही. ढकला.” पहिल्यांदा पुढचा ब्रेक दाबून ढकलायला लावलीस. पुढचं चाक पायरीच्या खाली अडकलं, मागचं हवेत उचललं गेलं, सीट माझ्या बरगडीला लागली. “आता ब्रेक सोडून.” चाक टपकन उतरलं, शॉकअप दबला, सुटला, आणि सायकल माझ्या हाताला ओढ देत पुढे चालती झाली. मी किती वेळा ते केलं कोण जाणे. मला पडायला होत होतं ते पायरीमुळे नव्हे, पायरीवर धरलेल्या ब्रेकमुळे, हे माझ्या हातांनी स्वतः पाहिलं. कुणी समजावून सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती आणि पुन्हा तेच केलं असतं.

मग तू तुझी पाण्याची बाटली पायरीच्या दोन हात अलीकडे वाटेच्या कडेला उभी केलीस. “बाटलीपर्यंत ब्रेक. बाटलीनंतर बोटं सैल.” त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी मी बाटलीपाशी येऊन उतरले आणि सायकल हातात धरून खाली गेले. तू त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस. पाचव्या रविवारी बाटली मागे गेली, बोटं सैल झाली, मी रिकिबीत उभं राहावं तशी पायडलांवर उभी होते, गुडघे वाकवून, कंबर मागे नेऊन. खाली “धप्” असा आवाज झाला आणि मी पायरीच्या पलीकडे होते. घशात काहीतरी दाटून आलं. मी वळून बघितलं तर तू बाटली उचलून परत जागेवर ठेवत होतीस. म्हणालीस, “परत.”

त्याच दिवशी खाली आल्यावर जळका वास आला. सबंध उतारभर मी ब्रेक घासत आणले होते. मी ब्रेकच्या डिस्कला हात लावायला गेले आणि तू मनगटच धरलंस. मग झाडाखाली बसून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीची गोष्ट सांगितलीस. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथली मुलं जुन्या, जड सायकली घेऊन एका डोंगरउतारावर शर्यतीला उतरली. उलटं पायडल मारून लागणारे ब्रेक इतके तापायचे, की चाकाच्या मधोमध असलेल्या हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली आल्यावर नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. आणि त्यानंतर वीस वर्षांनी, 1996 ला, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगचा हा खेळ आला. माझ्या तापलेल्या ब्रेकची त्या लोकांशी काहीतरी सोयरीक आहे, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

बाभळीच्या काट्याचं पंक्चर आता मी स्वतः काढते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवते. नाही फिरवलं तर तोच काटा दुसरी ट्यूबही खातो. चालणाऱ्यांना आधी वाट देते, वळणाच्या आधी घंटी वाजवते.

जूनमध्ये तू बंगळुरूला नोकरीला गेलीस. जाताना एकच सांगितलंस, पावसात टेकडीवर सायकल नेऊ नका, ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडते, पाणी तिच्यातूनच धावतं आणि वाटेचा ओघळ होतो. चार महिने नेली नाही. फार जड गेलं, पण नेली नाही. मागच्या आठवड्यात वाटा वाळल्या तशी पहिल्यांदा गेले. गवत पिवळं पडायला लागलंय, लांबून मोर ओरडत होता. पायरी उतरले. बाटली नव्हती, पण बोटं त्याच जागी सैल झाली.

तुझा गेज माझ्याकडेच राहिलाय, सीटखालच्या पिशवीत. दर वेळी हवा त्याच्यानेच बघते. दिवाळीत पुण्याला येशील तेव्हा देईन. खाणीच्या पलीकडच्या वाटेवर आणखी एक पायरी आहे, दोन विती उंच. ती मी अजून ढकलतच उतरते. येताना बाटली घेऊन ये.

तुझी,
ताई