मोकळा ट्रक आणि बांधलेला ट्रक

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

नव्या कंपनीच्या ट्रकना वेगाचा गव्हर्नर नाही असं मी सांगितल्यापासून बाबा प्रत्येक फोनवर एकच विचारताहेत: आत्ताच्या ट्रकला मर्यादा घातलेली आहे, मग तो सोडून जायचंच कशाला? आई, तू काही विचारत नाहीस, पण ‘जपून गं’ हे दर फोनला आणखी एकदा म्हणतेस. फोनवर मी उत्तर द्यायला लागते आणि तेवढ्यात माझा लोड तयार होतो. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी गव्हर्नर म्हणजे काय ते. आताच्या ट्रकमध्ये ते काही वेगळं बसवलेलं यंत्र नसतं. डिझेल इंजिनाचा सगळा कारभार एका कंप्युटरकडे असतो. कंपनीचा मेकॅनिक लॅपटॉप जोडून त्यात एक आकडा घालतो. त्या वेगाला ट्रक पोचला की इंजिन जादा डिझेल घेत नाही, पाय कितीही दाबा. माझा सध्याचा ट्रक ताशी ६५ मैलांवर बांधलेला आहे, म्हणजे ताशी साधारण १०५ किलोमीटर. पायाने चालवताना एक मर्यादा आणि क्रूझवर, म्हणजे ट्रक ठरवलेला वेग आपोआप राखतो तेव्हा, दुसरी, असंही कंपन्या करतात. क्रूझवर एखाददोन मैल जास्त सोडतात, म्हणजे ड्रायव्हर क्रूझच लावून बसतो आणि डिझेल वाचतं. यावरून तुमच्या लक्षात येईल की हा आकडा ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुरक्षा असते तसं डिझेलचं बिलही असतं.

बाबा, तुमचा जो समज आहे की माझा ट्रक १०५ च्या वर जाऊच शकत नाही, तो तेवढा काढून टाका. गव्हर्नर डिझेल तोडतो, ब्रेक लावत नाही. इथे अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, कॅबेज हिल नावाचा उतार आहे, सहा टक्क्यांचा, आणि वर अवघड वळणं. भरलेला ट्रक इथे ८०,००० पौंडांपर्यंत असतो, म्हणजे छत्तीस टनांच्या वर. तो त्या उतारावर नुसता सोडून दिला तर गव्हर्नर असला काय, नसला काय, वेग वाढतच जाणार. तिथे कामाला येतो तो माथ्यावरच घातलेला खालचा गिअर आणि इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर वेग रोखणं. चढावर याच्या उलट. तिथे ट्रक पस्तीस-चाळीस मैलांवर रेंगाळतो, गव्हर्नरचा प्रश्नच येत नाही. तेव्हा हे सगळं भांडण आहे ते सपाट, मोकळ्या हायवेचं.

आणि भांडण आहे, हे खरंच. ट्रक स्टॉपवर चार ड्रायव्हर बसले आणि हा विषय निघाला की कॉफी गार होते. बांधलेल्या ट्रकवर राग असणारे पहिली गोष्ट सांगतात ती फरकाची. पश्चिम टेक्सासात आय-१० हायवेच्या काही भागात वेगमर्यादा ८० मैल आहे, म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटर. मी १०५ वर. मागून येणारी प्रत्येक गाडी माझ्यापेक्षा ताशी चोवीस किलोमीटर जास्त वेगाने येते, आणि तिच्या ड्रायव्हरचं लक्ष फोनमध्ये असेल तर माझ्या ट्रेलरची मागची बाजू तिच्यासाठी भिंतच. हा मुद्दा मला पटतो, कारण आरशात मी तो रोज बघते. कॅलिफोर्नियात हे भांडणच नाही. तिथे ट्रेलरवाल्या ट्रकना राज्यभर ५५ मैलांचीच मर्यादा आहे, गव्हर्नर असो नसो.

दुसरी गोष्ट ओव्हरटेकची. माझा ट्रक ६५ वर बांधलेला आणि पुढचा ६४ वर. मी डावी लेन घेते. दोन्ही ट्रक बावीस-बावीस मीटर लांबीचे, पुढेमागे तीस-तीस मीटर अंतर सोडायचं, आणि वेगात फरक फक्त एका मैलाचा. हिशेब करून बघा बाबा, तुम्हाला आवडेल: जवळजवळ चार मिनिटं लागतात आणि तेवढ्यात आम्ही दोघं मिळून सात किलोमीटर रस्ता अडवून ठेवतो. मागच्या गाड्यांचे दिवे चमकायला लागतात. मधेच किंचित चढ आला आणि माझा लोड जड निघाला, तर ओव्हरटेक तिथेच संपतो आणि मला मुकाट्याने मागे यावं लागतं. युरोपात ट्रक ९० किलोमीटरवर बांधलेले असतात, बारा टनांच्या वरच्यांना तर हे १९९४ पासून सुरू झालं. जर्मन लोक या प्रकाराला हत्तींची शर्यत म्हणतात. काही ट्रकमध्ये आता ओव्हरटेकपुरते थोडे जादा मैल मिळण्याची सोय असते. आमच्या कंपनीने ती दिलेली नाही.

हा वाद कोर्टातही गेलेला आहे. कॅनडात ओंटारियो प्रांताने २००९ पासून मोठ्या ट्रकना १०५ किलोमीटरची सक्ती केली. इथून तिकडे जाणाऱ्या ट्रकनाही ती लागू आहे. एका ड्रायव्हरने तिला आव्हान दिलं. २०१५ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला तो मला फार प्रामाणिक वाटतो. क्वचित एखाद्या प्रसंगी सुटून जाण्यासाठी वेग वाढवता न आल्याने ड्रायव्हरचा जीव धोक्यात येऊ शकतो, हे त्यांनी मान्य केलं. आणि तरीही एकूण रस्त्यावरच्या लोकांचा विचार करून कायदा कायम ठेवला. आमच्या ट्रक स्टॉपवर मात्र दोन्ही बाजूंचे लोक या निकालाचा आपल्याला हवा तो अर्धाच भाग सांगतात.

अमेरिकेत सगळ्या देशाला लागू अशी सक्ती नाही. २०१६ मध्ये सरकारने प्रस्ताव आणला, ६०, ६५ की ६८ मैल यावर मतं मागवली, मग तो वर्षानुवर्षं पडून राहिला आणि २०२५ मध्ये अधिकृतपणे मागे घेतला. स्वतःचा ट्रक असलेल्या ड्रायव्हरांची संघटना पहिल्यापासून विरोधात. मोठ्या कंपन्यांची संघटना मात्र ६५ ला तयार, आणि ट्रकमध्ये आपोआप लागणारा ब्रेक आणि अंतर राखणारं क्रूझ असेल तर ७० ला. मोठ्या कंपन्यांनी आपले ट्रक आधीच बांधलेले आहेत, तेव्हा सगळ्यांनाच बांधावं असं त्यांना वाटणारच.

आता बांधलेल्या ट्रकच्या बाजूने. विज्ञान तर त्याच्याच बाजूने आहे. वेग ६५ वरून ७५ केला तर धडकेतली ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. ६५ वरही भरलेला ट्रक थांबायला दीडशे मीटरच्या वर जागा लागते. शिवाय ट्रकचे बरेचसे टायर ७५ मैलांपर्यंतच चालवायचे म्हणून बनवलेले असतात. टेक्सासात ८० ची पाटी लावणाऱ्याने ते टायर बघितले नसावेत! पण मला सगळ्यात पटलेलं कारण एका जुन्या ड्रायव्हरने सांगितलं. तो म्हणाला, गव्हर्नर माझ्यासाठी नाही, डिस्पॅचरसाठी, म्हणजे ऑफिसात बसून आम्हाला कामं देणाऱ्यासाठी आहे. ट्रक ६५ च्या वर जात नाही हे डिस्पॅचरला माहीत असतं, त्यामुळे ‘जरा ओढ ना’ असं तो म्हणूच शकत नाही. वेगाचं चलान नाही, कुणाशी वाद नाही. त्याचा रक्तदाब या ट्रकवर आल्यापासून ताब्यात आहे, असंही तो शपथेवर सांगतो.

आणि गंमत पुढेच आहे. गव्हर्नरच्या विरोधात सगळ्यात जोरात बोलणारे असतात स्वतःचा ट्रक असलेले, आणि रस्त्यावर साठ-बासष्टने निवांत चाललेले बरेचदा तेच. डिझेल त्यांच्या खिशातून जातं ना. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि पासष्टच्या पुढचा प्रत्येक मैल डिझेलमध्ये चांगलाच जाणवतो. त्यांना ८० ने पळायचं नसतंच. आपल्या ट्रकचा आकडा दुसऱ्याने ठरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मला ते हट्टी वाटतात, पण चुकीचे वाटत नाहीत.

मग पळतं कोण? इथेच मला जे सांगायचं आहे ते येतं. पळतो तो मैलावर पगार मिळणारा ड्रायव्हर, आणि मी सध्या तीच आहे. आम्हाला दिवसात अकरा तासच चालवता येतं, तेही काम सुरू केल्यापासून चौदा तासांच्या आत. डिसेंबर २०१७ पासून हे तास कागदावर नाही, इंजिनाला जोडलेल्या यंत्रात आपोआप नोंदले जातात. ते चौदा तासांचं घड्याळ एकदा सुरू झालं की सहसा थांबत नाही. मी गोदामाच्या डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, ट्रेलर लावून चार तास वाट बघत बसले तर ते तास त्यातूनच जातात, आणि चाक फिरलं नाही म्हणून त्यांचे पैसे एकतर मिळत नाहीत किंवा चिल्लर मिळतात. ओव्हरटाइमच्या १९३८ च्या कायद्यातून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणारे ड्रायव्हर वगळलेले आहेत, तोही आधार नाही. मग डॉकवरून सुटलेला माणूस काय करेल? हायवेवर गव्हर्नर अडवतो, म्हणून तो वेळ दुसरीकडे भरून काढतो. गावातल्या ४५ च्या रस्त्यावर ५५ ने जातो, रस्त्याचं काम चालू असतं आणि जिथे दिवे आणि माणसं असतात तिथे वेग कमी करत नाही, जेवण टाळतो, उतारावर ट्रक सोडतो. गव्हर्नरला यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त ६५ चा आकडा बघतो.

मोकळ्या, म्हणजे गव्हर्नर नसलेल्या, ट्रकने तरी किती मिळतं? ६५ ऐवजी ७० ने अकरा तास सलग चालवलं, जे कधी होत नाही, तर ५५ मैल. मैलाला साठ सेंट धरले तर तेहतीस डॉलर. एका डॉकवरचे चार तास त्याहून कितीतरी महाग पडतात.

नव्या कंपनीचे ट्रक मोकळे आहेत, पण पगार तासावर आहे, डॉकवरच्या तासांचासुद्धा. मी तिथे जाते आहे ती यासाठी, वेगासाठी नाही. तिथल्या दोन ड्रायव्हरांशी बोलले. पासष्ट-सदुसष्टच्या वर सहसा कुणी जात नाही म्हणाले, कारण घाई करून कुणाला काही मिळत नाही. ७० च्या वर गेलं की ऑफिसात समजतं आणि फोन येतो. एका मैलाच्या फरकाचा तो ओव्हरटेक मात्र मी आता झटकन उरकेन, हे कबूल करते. ७० ला पोचायचं, पुढे जायचं, परत उजव्या लेनमध्ये.

आई, तुझ्या ‘जपून गं’ ला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. बाबा, तुम्हाला अजूनही पटलं नसेल तर आकडे वर आहेत, तपासा आणि कुठे अडलं ते लिहा. इथली नोटीस मी दिली आहे. नव्या ट्रकमध्ये आपोआप लागणारा ब्रेक आहे का, एवढं विचारायचं राहिलं आहे. सोमवारी कागदपत्रं द्यायला जाते तेव्हा विचारते आणि रात्री फोन करते.

तुमची,
मनू