गोल्त्झियसचे वीर

महोदय,

जुनी डच मुद्राचित्रे म्हटली की आपल्याकडे गाडी रेम्ब्रांटपाशीच अडते. हारलेमच्या हेंड्रिक गोल्त्झियसने १५८६ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले रोमन वीरही पाहण्याजोगे आहेत. त्यातल्या म्युसियसने, कथा सांगते, शत्रूच्या छावणीत उजवा हात आपणहून आगीत धरला. योगायोग असा की, गोल्त्झियसचा स्वतःचा उजवा हात लहानपणीच भाजून अधू झालेला. कोरणी चालली ती त्याच हाताने! पुढे, तेव्हा रोममध्ये असलेल्या फार्नेस हर्क्युलस या प्राचीन पुतळ्याची तर त्याने चक्क पाठ कोरली. मागे घेतलेल्या हातात सोन्याची सफरचंदे, म्हणजे पराक्रमाचे फळ. आणि ते चित्रातच समोर, खालून मान वर करून पाहणाऱ्या दोघा माणसांना दिसतच नाही. रविवार पुरवणीत ही चित्रे छापाच, पण मोठी. छोट्या चौकटीत रेषेची जाडी-बारकी कळत नाही.

– एक वाचक, पुणे