घोडी आणि गाढवीण फळवण्याबद्दल

आर्वी, जि. वर्धा
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय विनोद,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोहोचलं. मारवाडी घोडीला गोठवलेल्या वीर्याने फळवायचं, आणि वीटभट्टीवर गाढविणी कमी झाल्यात म्हणून गाढवाचा भ्रूण घोडीच्या पोटात वाढवायचा, असे दोन बेत तू लिहिलेस. दुसरा बेत आजच सोडून दे. गाढवाचा गर्भ घोडीच्या गर्भाशयात रुजतो, पण 35-36 दिवसांनी घोडीच्या अस्तरात ज्या गाठी तयार व्हायला हव्यात त्या होत नाहीत आणि 80 ते 95 दिवसांच्या दरम्यान बहुतेक गर्भ पडतात. खेचराचा गर्भ मात्र घोडी पूर्ण दिवस नेते.

आता घोडीचं. तुला गाईची सवय आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. गाय सकाळी माजावर दिसली की संध्याकाळी गोठवलेल्या वीर्याची कांडी भरायची, हा हिशेब घोडीला लावू नकोस. गाईचं बीज माज संपल्यावर सुटतं. घोडी पाच-सात दिवस माजावर राहते आणि बीज माज संपायच्या एक-दोन दिवस आधीच सुटतं. नुसतं शेपूट वर करणं, मुतणं पाहून वेळ ठरत नाही, रोज सोनोग्राफी लागते. बीजकोश (बीज असलेली पाण्याची पुटी) 35 मिमीच्या वर गेला आणि पडद्यावर गर्भाशय संत्र्याच्या आडव्या फोडीसारखं दिसलं (अस्तराच्या घड्या सुजून तशाच फाकी पडतात) की एचसीजी (बीज सोडवणारं हार्मोन) 2500 युनिट शिरेत द्यायचं. बीज साधारण 36 तासांनी सुटतं. गोठवलेलं वीर्य बीज सुटायच्या आधीचे 12 तास ते नंतरचे 6 तास एवढ्यातच पडलं पाहिजे, म्हणून शेवटी दर सहा तासांनी सोनोग्राफी. रात्री दोनला उठायला माणूस नसेल तर गोठवलेल्याचा खर्च करू नकोस, ताजं वीर्य घे. ते दोन दिवस जगतं, दिवसाआड एकदा भरलं तरी चालतं.

मात्रेचाही फरक आहे. गाईला एक कांडी पुरते, घोडीला 0.5 मिलीच्या साधारण आठ कांड्या एकदम लागतात, कारण वितळल्यावर निदान 25 कोटी पुढे धावणारे शुक्राणू हवेत. ताज्यात 50 कोटी धर. कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, थर्मामीटर लावून. बोट घालून अंदाज नको. रबरी दट्ट्याची सिरिंज वापरू नकोस, रबर शुक्राणूंना मारतं. साबणाचा अंशही तेच करतो.

भरताना गाईसारखा गुदद्वारातून हात घालून गर्भाशयमुख धरायचं नसतं. शेपूट बांधून, योनीद्वार धुऊन कोरडं केल्यावर निर्जंतुक मोजा घातलेला हात योनीतून आत न्यायचा. माजावरच्या घोडीचं गर्भाशयमुख मऊ, पसरलेलं असतं. तर्जनी त्यात जाते, आणि तिच्या आधाराने नळी पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी गर्भाशयात दोन सेंमीपेक्षा जास्त पाणी दिसलं तर घोडी स्वतः साफ करू शकत नाही असं समज. जुन्या, बऱ्याच वेळा व्यालेल्या घोड्यांत हे नेहमीचं. अशीला वीर्य भरल्यावर चार-सहा तासांनी ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसवणारं औषध) 20 युनिट दे.

चौदाव्या दिवशी तपासणी चुकवू नकोस. जुळे दिसले तर सोळाव्या दिवसाआधी एक चिरडावा लागतो. तोवर दोन्ही गर्भांच्या पिशव्या गर्भाशयात फिरत असतात, वेगळ्या करता येतात. 36 दिवसांनंतर गर्भ गेला तर सुरुवातीला सांगितलेल्या अस्तरातल्या गाठींमुळे घोडी साडेतीन-चार महिने नीट माजावर येत नाही, म्हणजे हंगामच बुडाला. आपल्याकडे हा हंगाम नेमका मार्च ते मे, ऊन 45 अंशांवर. म्हणून थंड करून 5 अंशांच्या पेटीत ठेवलेलं वीर्य पहाटेच आणायचं, गाडीच्या टपावर नाही, पायाशी सावलीत.

गाढवीण म्हणजे लहान घोडी नव्हे, हे तिच्या अंगावरच कळतं. माजावर आली की तोंड उघडझाप करते, मान लांबवते. तिचा फेरा 23-24 दिवसांचा. गर्भाशयमुख लांब, अरुंद, योनीत पुढे आलेलं; नळी अडकते, जोर केला तर जखम होते. आणि गाढवाच्या गोठवलेल्या वीर्याने घोडीला बऱ्यापैकी गर्भ राहतो, गाढविणीला फार कमी. गोठवताना घातलेलं ग्लिसरीन आणि नंतर येणारी सूज यांचा तो परिणाम. म्हणून गाढविणीला तू चांगला गाढवच ठेव. त्याला घाई करू नका, अर्धा-पाऊण तासही लागतो, आणि काठी मारणारा माणूस जवळ नको. तिचे दिवस वर्षभराच्या वर भरतात, म्हणून हिशेब घोडीच्या अकरा महिन्यांचा धरू नकोस.

2019 च्या पशुगणनेत देशात गाढवं साधारण 1.2 लाख उरली, 2012 पेक्षा 61 टक्क्यांनी कमी. म्हणून गाढविणी भट्टीवर संपण्याआधी त्यातल्या दोन-तीन चांगल्या, तरण्या, पाय मजबूत असलेल्या निवडून ओझ्यातून काढ, असं मनापासून सांगतो.

भ्रूण प्रत्यारोपणाचं विचारलंस. बिकानेरच्या अश्व संशोधन केंद्रात 2023 मध्ये साडेसात दिवसांचा भ्रूण दुसऱ्या घोडीत ठेवून ‘राज-प्रथमा’ शिंगरू झालं. पण त्याला भ्रूण देणाऱ्या घोडीच्या बरोबरीनेच बीज सुटलेली दुसरी घोडी तयार लागते. ती तुझ्याकडे नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घोडी बांधून ठेव आणि खोडा मजबूत करून घे. सोनोग्राफीचं यंत्र घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर