पाण्याखाली काही सापडले, तर सांगायचे कोणाला? पुरातत्त्वमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पुरातत्त्वमंत्री,
गोवा शासन, सचिवालय, पर्वरी.

मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मुरगावचा. बंदरात लागणाऱ्या जहाजांचे तळ खरवडायचे, पंख्यात गुंडाळलेली जाळी कापून काढायची, हे काम मी बावीस वर्षे करतो. ऑक्टोबर ते मे या हंगामात रविवारी ग्रांदे बेटाकडे जाणाऱ्या बोटीवर असतो आणि पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेतो. पूर्वी हे लोक वर आले की विचारायचे, "मासे एवढेच का?" आता विचारतात, "खाली सोनंबिनं मिळतं का हो?" गेल्या हंगामात तर एकाने पिशवीतून हातात धरायचे मेटल डिटेक्टर काढले. पाण्यातही चालते म्हणाला. "सापडलं तर ठेवता येतं ना?" या प्रश्नावर मी नुसता हसलो. खरे सांगायचे तर उत्तर मला माहीत नव्हते.

ते उत्तर शोधायला निघालो, त्याची ही हकिगत.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका खडपाजवळ पर्यटकांच्या बोटीचा नांगर अडकला. सोडवायला मी उतरलो. पाणी गढूळ, हातभर लांबचेही दिसत नव्हते. नांगराचा दात ज्या कपारीत रुतला होता तिथे चाचपडताना बोटांना गोल काठ लागला. दगडाला असा काठ नसतो. जवळ तोंड नेऊन पाहिले तर मोठ्या रांजणाचा गळा होता, अर्धा वाळूत, आणि त्याच्या एका बाजूला ताजा पांढरा टवका उडालेला. तो आमच्याच नांगराने उडवला होता. मी नांगर सोडवला, गळा तसाच ठेवला, वर येऊन जागेच्या खुणा वहीत लिहिल्या.

सोमवारी सुट्टी टाकून सांगायला गेलो. पहिल्या कचेरीत म्हणाले, समुद्र आमच्याकडे येत नाही. दुसरीत विचारले, जहाज बुडाले कधी, मालक कोण? आता हे मला माहीत असते तर मी तिथे कशाला गेलो असतो! तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, खुर्ची दिली, आणि शेवटी म्हणाल्या, "वस्तू घेऊन या, मग नोंद करू." म्हणजे जिला हात लावायचा नाही तीच उपटून टेबलावर ठेवायची. चौथीकडे मी गेलोच नाही, कारण तोवर एकाने विचारले होते, "पण तुम्ही तिथे काय करत होता?" असे विचारले की कामगार माणसाने घरी जावे, हे मला कळते.

माझा भाचा पणजीला वकिली शिकतो. त्याने मला कायदे वाचून दाखवले, आणि त्यानंतर तर मी जास्तच गोंधळलो. १८७८चा निधी-निखात कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा. कोणी हक्कदार निघाला नाही तर ते सापडणाऱ्याला मिळू शकते, आणि जागेचा मालक पुढे आला तरी तीन-चतुर्थांश वाटा मिळू शकतो. हे ऐकून बोटीवरची आमची पोरे टाळ्या वाजवतील. पण तो कायदा जमिनीत दडलेल्या धनाबद्दल बोलतो. सहा मीटर पाण्याखालची वाळू ही जमीन का? आणि तिकडे संविधानाचे २९७वे कलम स्पष्टच सांगते की प्रादेशिक समुद्राच्या तळाशी असलेली मौल्यवान वस्तू केंद्राच्या मालकीची. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. ग्रांदे बेट, सगळी खडपे, आमची सगळी भटकंती त्याच्या आतच होते.

शिवाय १९५८चा नौवहन कायदा आहे. त्यात बुडालेल्या जहाजाचा माल सापडला तर 'रिसीव्हर ऑफ रेक' नावाच्या अधिकाऱ्याला सांगायचे होते. २०२५मध्ये संसदेने नवा नौवहन कायदाही मंजूर केला. १९५८चाच दुसरा कायदा पुरातत्त्वीय स्थळांचा. त्याखाली असंरक्षित जागी उत्खनन करायचे झाले तर राज्य सरकारलासुद्धा केंद्राची परवानगी लागते, मग मेटल डिटेक्टरवाल्याची काय कथा. आणि १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेऊ देत नाही. विकायचा धंदा करायचा तर परवाना लागतो.

या शंभर वर्षांच्या रेषेची एक गंमत सांगतो. ९ मार्च १९४३च्या रात्री मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स' हे जर्मन जहाज बुडाले, त्याच्याबरोबर आणखी दोन जर्मन आणि एक इटालियन. कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या हौशी घोडदळाने त्यावर छापा घातला होता आणि जहाजावरच्यांनीच ते बुडवले. आमच्या वाड्यावरचे म्हातारे ती आग सांगायचे. वय मोजायचे ते वस्तू घडली तेव्हापासून, बुडाली तेव्हापासून नव्हे. 'एरेनफेल्स'चे जे काही तळाशी उरले असेल ते शंभर वर्षे भरेपर्यंत कायद्याच्या लेखी पुरावस्तू नव्हेच. तोवर ते भंगार.

तुम्ही म्हणाल, सगळा केंद्राचा विषय आहे. माझे म्हणणे तिथेच आहे. तळ केंद्राचा असेल, पण बोट तुमच्या जेटीवरून सुटते, जिल्हाधिकारी तुमचा, उतरणारी पोरे बायण्याची आणि सड्याची. खबर द्यायची खिडकी दिल्लीत असून चालणार नाही.

आता खाली नेमके काय आहे तेही सांगतो, कारण 'खजिना' या शब्दाने सगळा घोळ केला आहे. आपल्याकडे दोना पावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६पासून आहे. तिथल्या सागरी पुरातत्त्वाच्या लोकांनी मुरगावजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या जहाजाचे अवशेष अभ्यासले. हत्तीचे सुळे, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, लोखंडी तोफा, घडीव दगड. आणि मर्तबानी मातीची भांडी. आजी लोणचे ज्यात घालायची तो मर्तबान. ब्रह्मदेशातल्या बंदराचे नाव आपल्या फडताळात कसे येऊन बसले, त्याचा पुरावा मुरगावच्या खडपात पडला होता. पाणघोडा आफ्रिकेचा, चिनी माती चीनची, मर्तबान ब्रह्मदेशचे. सगळे एका खडपावर, आणि त्यात सोन्याचा हंडा नाही.

सेंट जॉर्ज रीफवर तर चक्क कौले आहेत. मंगळुरी कौले, फरशा, 'बाझेल मिशन टाइल वर्क्स १८६५' असा शिक्का असलेली. (बोटीवरचे काही गाइड पर्यटकांना सांगतात की जहाज १८६५ला बुडाले. ते कारखान्याचे साल आहे हो.) माझ्या जुन्या घराच्या पडवीवर तसलीच कौले होती. ती बाजारात नेली तर कोणी दहा रुपये देणार नाही. पण कारखाना कोणता, माल कुठून निघाला, किती होता, जहाज कशाने चालत होते, हे सगळे ती जिथे जशी पडली आहेत त्यावरून कळते. एक कौल आठवण म्हणून उचलले की हातात नुसते कौल राहते.

उचलल्यावर काय होते तेही मी पाहिले आहे. माझ्याबरोबरच्या एका पोराने कधीतरी निळ्या नक्षीचा चिनी तुकडा घरी नेला. घासून, पुसून, टीव्हीच्या शेजारी ठेवला. सुरुवातीला सुरेख दिसायचा. पावसाळा आला आणि त्याच्या कडेला पिठासारखे पांढरे फुलून आले. मीठ. तीनशे-चारशे वर्षे आत मुरलेले मीठ हवा लागली की बाहेर येते आणि वरची झिलई ढकलून काढते. गणपतीपर्यंत नक्षी पापुद्र्याने सुटली. वाळवायच्या आधी गोड्या पाण्यात ठेवून ते पाणी महिनोन्महिने बदलत राहायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मलाही नव्हते. तोफेचे तर काम वर्षानुवर्षांचे. हे प्रयोगशाळेचे काम आहे, बाल्कनीचे नाही.

म्हणूनच एक विनंती फार जोर देऊन करतो. उद्या एखादी कंपनी तुमच्याकडे आली आणि म्हणाली की खर्च आमचा, यंत्रे आमची, मिळेल त्यात सरकारला वाटा, तर कृपा करून पोर्तुगालकडे बघा. तिथल्या सरकारने १९९३मध्ये असा कायदा करून पाहिला. दोन वर्षांत तो स्थगित करावा लागला आणि १९९७मध्ये नवा कायदा आणून ते दार बंद केले. पुढे पोर्तुगालने युनेस्कोच्या २००१च्या पाण्याखालच्या वारशाच्या कराराला मान्यता दिली. शंभर वर्षे पाण्यात असलेली वस्तू शक्यतो जागीच जपावी आणि तिचा बाजार मांडू नये, असे तो करार सांगतो. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही, ती द्यावी म्हणून गोव्याने केंद्राला लिहायला काय हरकत आहे? आपल्यापेक्षा जास्त बुडालेली जहाजे फार थोड्या किनाऱ्यांच्या दाराशी असतील.

आणि कंपनीला मिळाले तरी पचतेच असे नाही. २००७मध्ये एका अमेरिकन कंपनीने अटलांटिकातल्या 'मर्सिडीज' या स्पॅनिश जहाजातून सुमारे सतरा टन नाणी काढून अमेरिकेला नेली. स्पेन कोर्टात गेला, आणि २०१२मध्ये ती सगळी नाणी विमानात भरून स्पेनला परत गेली. राजाचे जहाज बुडाले म्हणून बेवारस होत नाही. आपल्या खडपांवर पोर्तुगीज राजाची जहाजे असू शकतात, तेव्हा हे प्रकरण आपल्या अंगणात यायला वेळ लागणार नाही.

मग आम्ही करायचे काय? मला शिकार करायचा परवाना नको. मला स्वच्छ 'नाही' हवे आणि त्याच्याबरोबर स्वच्छ 'या, सांगा' हवे. एका पानावर मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत लिहून प्रत्येक डायव्हिंग बोटीवर लावा: काय उचलायचे नाही, सापडले तर कोणाला फोन करायचा, आणि कळवणाऱ्यावर चौकशीचे झंझट येणार नाही. त्यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरात. वस्तू आणायला सांगू नका, जागा विचारा. कळवणाऱ्याला थोडे बक्षीस आणि नाव छापलेले प्रमाणपत्र द्या. आमच्याकडची पोरे ते फ्रेम करून भिंतीला लावतील, वीस हजारांच्या नाण्यापेक्षा जास्त जपतील. पटत नसेल तर एकदा बायण्याला येऊन बघा.

नांगराचेही बघा. जी खडपे माहीत आहेत तिथे कायमचे बोये बांधले तर बोटी त्यांना दोर लावतील, नांगर टाकणार नाहीत. माझ्या अंदाजाने आजवर चोरांनी जेवढे नेले असेल त्याहून जास्त आमच्या नांगरांनी फोडले असेल. हे कबूल करायला मला बरे वाटत नाही. नदीतल्या रेती काढणाऱ्यांनाही त्या एका पानात धरा. जुवारीच्या काठाला कदंबांचे गोपकपट्टण बंदर होते, मांडवीकाठी जुने गोवे आहे. रेतीबरोबर टोपलीत काय येते ते तिथला मजूरच पहिल्यांदा बघतो.

आणि आम्हाला शिकवा. दोना पावल्याचे शास्त्रज्ञ आहेत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालचा विभाग २००१पासून आहे. पावसाळ्यात आम्ही रिकामेच असतो. आठ दिवस बसवून फोटो कसा काढायचा, मोजमाप कसे घ्यायचे, हात कसा आवरायचा ते सांगितले तर पन्नास पाणबुडे फुकट पहारेकरी मिळतील. आमच्या वाड्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलाला मी हे सगळे सांगितले तर तो जाळे विणता विणता एवढेच म्हणाला, "दर्याचें दर्याकच उरूं दी." त्याचे खरे आहे, पण तिथे ते राहते आहे की नाही हे बघायला कोणीतरी पाण्यात उतरलेच पाहिजे.

त्या रांजणाच्या गळ्यावर मी मागच्या हंगामात दोनदा जाऊन आलो. टवका आता शेवाळून हिरवा झाला आहे. शेजारी वाळू सरकून आणखी एक काठ उघडा पडला आहे, पहिल्यापेक्षा लहान. जागेच्या खुणा असलेले वहीचे पान मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आहे. ऑक्टोबरात पाणी निवळले की बोटी पुन्हा तिथेच नांगर टाकतील. त्याआधी ते पान कोणाच्या हातात द्यायचे, तेवढे कळवावे.

आपला,
मुरगावचा एक पाणबुडा